पाळीवरची लाल चिंधी

४ एप्रिल १९५४
आजही पोरगा सायकलवरून पडला! बोडीतलं पाणी आटलं आहे, भोवतीच्या मातीच्या पाळीचा आतला उतार वाळून कडक झालाय. नागपूरच्या मैदानावरच्या तिरप्या सिमेंटी वळणाला आपल्याकडे एवढाच जोड. पण सोमाजी वळणापाशी आला की पाय सैल सोडतो. उतारावर वेग मेला की चाक घसरणारच. गुडघा सोलून निघाला.

मे महिन्यात शर्यत. जिंकला तर पोराची नोकरी पक्की — तिथल्या क्लबाचे गुणवंतराव तसं बोललेत.

७ एप्रिल
पुन्हा समजावलं. अंग अन् सायकल एकाच कलानं झुकू दे. हँडल आवळू नको, लेकराचा हात धरावा तसं धर. चाकाकडे पाहू नको, नजर वळणाच्या पलीकडे टाक. नजर जाईल तिकडे सायकल जाते.

"पाहूनच राह्यलो न, बाबा."

"कुठी? नाकाच्या शेंड्यावर?"

हसला नाही. मग त्याच्या मायच्या जुन्या लाल लुगड्याची चिंधी वळणापलीकडच्या जांभळीला बांधली. वळणात शिरायच्या आधी ही दिसली पाहिजे, म्हटलं.

सोम्याची माय म्हणते, "माया लुगड्यानं सायकल वळते, त मलेच बसवा न!"

९ एप्रिल
सांजेच्या गारव्यात चल म्हटलं. "नाई बाबा, उन्हातच बरं." घुबडाच्या उलटं पोरगं!

११ एप्रिल
जेवताना पाण्याचा गडवा कलंडला त्याच्याकडून. स्वतःवरच चिडला, ताटावरून उठला. हल्ली बोलत नाही, मित्रांत जात नाही. आतल्या आत काहीतरी कुरतडतंय त्याला. विचारलं तर — "काई नाई." घर सुनं सुनं वाटतं.

१३ एप्रिल
जमलं!! भर दुपारी. पाय थांबला नाही, अंग झुकलं, उतारावर चढून सर्रकन खाली आला. म्हशी राखणारा पोचू ओरडला, "हा त भिंगरी हाय रे!"

मी त्याच्यावरून नजर काढलीच नाही. हाक मारली, "चिंधी दिसली काय?"

"दिसते न, बाबा! लालभडक!"

डोळे भरून आले. याच पाळीवर रांगत वाढला तो. तिचा खड्डा न् खड्डा त्याच्या अंगात आहे.

१४ एप्रिल
सकाळी सोम्याची माय मोहफुलं वाळत घालत होती. टोपलीवर लाल चिंधी.

"जांभळीचीच हाय. टोपली झाकाले काई नोहतं, काल पहाटेच सोडून आणली."

काल पहाटे!

तो अंगणात सायकल पुसतो आहे. चाचपून, चाचपून.