फ्यूज आधी, चावी नंतर

यावल, २ मे १९९१

चि. कुंदास नानांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

धुळ्याच्या कॉलेजात शिकवता शिकवता तू पुढची पदवी करतेस, आनंद आहे. पण एकाच वेळी चालणारी कामं गणिताने तपासायची म्हणजे काय, ते काही उमगलं नाही बुवा.

इकडे केळी निसवली, घड बाहेर पडले आणि पाणी नाही. सामाईक विहिरीला पाणी आहे, वीज आहे, तरी बाग तहानलेली! तुझ्या कौतिककाकाशी बोलणं बंद होऊन दोन वर्षं झाली. यंदा पंचांनी न्याय केला तो असा : मोटारीचा फ्यूज आमच्या बांधावरच्या निंबाला टांगायचा, व्हॉल्वची चावी त्याच्या बांधावरच्या बाभळीला. पाळी नाही, दोन्ही ज्याच्या हाती, पाणी त्याचं. मी फ्यूज घेतो, तोवर तो चावी घेऊन बसलेला. तो देत नाही, मी का देऊ? दुपारपर्यंत विहिरीच्या दोन बाजूंना उन्हात बसतो, मग वीज जाते. पंधरा दिवस असंच चाललं तर दोन्ही घरांचे घड गेले समज.

तुझे नाना

धुळे, ५ मे

ती. नानांस कुंदाचा शि. सा. नमस्कार.

नाना, हसूही आलं आणि रडूही. माझ्या वहीत हेच तर आहे! दोन कामं एकमेकांची वस्तू धरून कायमची अडतात. सोबत आकृती पाठवते. गोल म्हणजे स्थिती, रेघ म्हणजे घडणारी गोष्ट. गोलांत हरभरे ठेवा आणि रेघेरेघेने सरकवा. एका जागी ते हलेनासेच होतील. दोष तुमचा नाही, काकांचाही नाही, नियमाचा आहे.

उपाय सोपा आहे. अर्धा तास वाट पाहा, दुसरी वस्तू मिळाली नाही तर हातातली परत टांगा. हाच कागद काकांनाही पाठवलाय.

मायेची, कुंदा

यावल, १० मे

चि. कुंदास आशीर्वाद.

शाबास मास्तरीणबाई! घड्याळ आम्हा दोघांकडेही नाही. अर्धा तास धरला तो रस्त्यावरच्या एस.टी.वरून. गाडी गेली की दोघेही सज्जनासारखे उठतो आणि आपापलं टांगतो. पुन्हा येतो, पुन्हा मी फ्यूज, तो चावी. तीन दिवस हाच खेळ! शेजारच्या लताबाई बांधावर उभ्या राहून हसतात. पानं कडेने करपायला लागली गं.

नाना

धुळे, १३ मे

ती. नाना आणि ती. काका, दोघांना एकच पत्र. सा. न.

चूक माझी. काम अडतं का एवढंच मी तपासलं. चालत राहूनही पाणी कधीच मिळणार नाही, हे तपासलंच नाही. काल सगळ्या शक्यता एकेक करून मांडल्या. आता नियम असा : दोघांनीही आधी फ्यूजच घ्यायचा. फ्यूज हातात नसेल तर चावीला हात लावायचा नाही. हे अडूच शकत नाही, माझ्याकडे सिद्धता आहे.

फक्त काकांना आमच्या बांधावर यावं लागेल. ते येतील का, हे माझ्या आकृतीत मांडता येत नाही. काका, पाया पडते.

तुम्हा दोघांची, कुंदा

यावल, १९ मे

चि. कुंदास कौतिककाकाचे आशीर्वाद.

शेवटी बापाचीच लाडकी तू! आधी चावी, मग फ्यूज, असाही नियम चालला असता. मीही हरभरे मांडून पाहिलेत, काय समजलीस?

दोन दिवस मी गेलोच नाही. तुझ्या नानांच्या, म्हणजे आमच्या भाऊंच्या केळीत पाणी खळखळत होतं आणि माझे घड माना टाकत होते. तिसऱ्या दिवशी निमूट निघालो. निंबाला फ्यूज नव्हता, भाऊंनी नेलेला. नियम म्हणजे नियम, म्हणून तिथेच सावलीत बसलो. दोन वर्षांत त्या बांधावर पाऊल टाकलं नव्हतं, लाज वाटत होती.

भाऊ फ्यूज टांगायला आले आणि मला बघून थबकले. मग फ्यूज आणि चावी, दोन्ही माझ्या हातात दिली. म्हणाले, खालची ओळ जास्त करपली आहे, तिथून सुरू कर. मी फ्यूज बसवला, व्हॉल्व उघडला. ते मोटारीपाशी थांबले, मी पाट धरला. शेवटच्या झाडाच्या आळ्यात पाणी भरलं, तेव्हा मी तिथूनच मोठ्याने ओरडून सांगितलं की भाऊ, बंद करा, पोचलं. घसा बसला पोरी, पण ओरडलो.

आमच्यावर अशीच नजर ठेव.

तुझा काका, कौतिक