टेबलाभोवतीच्या घिरट्या

३ मार्च

पुन्हा नापास! परीक्षा ढगांत नुसत्या यंत्रांवर नजर ठेवून विमान चालवायची, आणि मी ढगापर्यंत पोचलोच नाही. जमिनीवरच आडवा झालो. मोठ्या विमानतळाकडे जायला मी पट्टीने सरळ रेघ मारून मार्ग मागितला होता. विमानांना वाट आखून देणाऱ्या कंट्रोलरने रेडिओवर भलताच सांगितला – पाच ठिकाणांची नावं, एका दमात. "परत म्हणून दाखवा." दोन आली. तिसऱ्यापाशी जीभ टाळ्याला चिकटली.

बाबा म्हणाले, "अजून एकदाच. मग मामाचं टायरचं दुकान." कॉलेज अर्धवट सोडलेल्याला आणखी काय मिळणार?

५ मार्च

शिकवणारे कॅप्टन खो खो हसले. "सरळ रेघ तुला कोण देणार, राजा? तिथे मोठ्या विमानांची रांग लागलेली असते. आपल्यासारख्या चिल्लरला ते कायम पूर्वेकडून वळसा घालून आणतात. गेल्या आठवड्यात इतरांना काय मिळालं ते बघ. जे मिळणार आहे तेच माग!"

इतकं सोपं? मी उगाच इंधन वाचवत बसलो होतो!

शिवाय – बोलण्याआधी हवामानाची माहिती ऐकून ठेवायची. मार्ग पेन्सिलने उतरवायचा, पेन ऐन वेळी दगा देतं. थांबवून ठेवतील, म्हणून इंधन जास्तीचं. कंट्रोलरशी वाद घालायचा नाही. सगळं स्वच्छ लिहून काढलं. ऱ्हस्व-दीर्घ तपासलं.

९ मार्च

सरावाला ताईला कंट्रोलर केलं. पस्तावलो! जेवताना मीठ मागितलं, तर म्हणे, "डावीकडे वळ, फ्रिजपर्यंत जा, मग बाबांची खुर्ची, मग मीठ. परत म्हणून दाखव."

म्हटलं.

"आता थांब. तुझ्या पुढे बाबा आहेत."

थांब म्हणजे घिरट्या – आकाशात उभं राहता येत नाही ना! हातात ताट घेऊन टेबलाभोवती लांबट चकरा, प्रत्येक वळण उजवीकडे. आई म्हणाली, "एक वेडा होता घरात, आता जोडी झाली."

१४ मार्च

ताई माझ्या छोट्या रेडिओवर कंट्रोलरचं बोलणं ऐकत बसते. "अरे, इतकी विमानं हा डोक्यात ठेवतो कशी? आणि आवाज बघ, जसा काही भाजी निवडतोय!" माझा नकाशाही पळवला. परत आला तेव्हा कडेला तिच्या अक्षरात खुणा. खोडून टाकल्या. नकाशा स्वच्छ हवा.

१७ मार्च

उद्या. पेन्सिली तासल्या. सगळ्या.

१८ मार्च

शेजारी परीक्षक – चेहरा इस्त्री केलेला. पूर्वेकडचा वळसा मागितला आणि तोच मिळाला! पाचही नावं धडाधड परत म्हटली. ढगात शिरलो. बाहेर नुसतं पांढरं. मी खुशीत.

आणि कंट्रोलर म्हणाला, "आत्ता जरा मोकळं आहे. सरळ येता का?"

सरळ! माझी रेघ! – आणि माझ्या तोंडून गेलं, "नको."

परीक्षक पहिल्यांदाच बोलले. "अहो, यासाठी लोक हात जोडतात!"

"मी... दुसरा पाठ केलाय."

वळशाने पोचेपर्यंत गर्दी झालीच. आदेश आला – थांबा. मग आमचं जेवणाचं टेबल आठवलं. उजवीकडे वळण, फ्रिज. सरळ. पुन्हा उजवीकडे, बाबांची खुर्ची. सरळ. हातात ताट नव्हतं, एवढाच फरक.

उतरल्यावर परीक्षक म्हणाले, "तो नकार म्हणजे कमाल होती. पण घिरट्या अगदी कोरीव. पास!"

१९ मार्च

मामाला फोन केला. "विमानालाही टायर लागतात, लक्षात ठेव," म्हणाला. ताईला सांगायला गेलो की हे तुझ्यामुळे झालं, तर तिने लॅपटॉप चटकन मिटला. "हो हो, कळलं. जा आता."

३० जून

ताईची निवड झाली – कंट्रोलर म्हणून! गुपचूप परीक्षा दिली होती. प्रशिक्षण संपलं की नेमणूक त्याच मोठ्या विमानतळावर. म्हटलं, "अभिनंदन, ताई."

"परत म्हणून दाखव."