जिवंत आईच्या सरणासाठी लाकडाचा परवाना

प्रति,
मेहेरबान जंगल अंमलदारसाहेब,
मुक्काम : फिरतीवर.

विषय : देवराईत आपसूक पडलेल्या झाडाचे लाकूड सरणास मिळणेबाबत.
संदर्भ : ‘मयताची तारीख नमूद नाही’ या शेऱ्यासह परत आलेला अर्ज.

महोदय,

१. अर्जदार भिमाजी, राहणार आहुपे, याची आई साळुबाई आषाढापासून अंथरुणास खिळली आहे. गावच्या राईला जात्यावरच्या ओवीत भाऊ म्हणून आळवणारी ही बाई. भावाच्या घरच्या लाकडावर जावे, एवढेच तिचे मागणे आहे.

२. गावची रीत अशी की राईतली हिरवी काडी कोणी मोडायची नाही. माणूस मेले म्हणजे देवाच्या पाषाणाला फुले लावून कौल घ्यायचा आणि उजवे पडले तर उन्मळलेले झाड न्यायचे. आता सरकारने भोवती दगड रोवून शिपाई बसविला आहे. तो म्हणतो, “देवाचा कौल व्हय? शिक्का कुठंय त्यावर?” परवाना मयतानंतर, कचेरीत समक्ष मिळतो. कचेरी पायी दोन दिवसांच्या मजलांवर, मध्ये नदीला पूर. प्रेताला एवढी सवड नसते, म्हणून आधीच अर्ज केला. शेरा आल्यावर अर्जदाराने आईस तारीख विचारली. ती म्हणाली, “सायबालाच इचार बाबा. त्यो म्हणंल तवा मरते.”

३. राई राखायला आजवर सरकार लागले नाही. देवाची होती तोवर कोणी पानाला हात लावला नाही. सरकारची झाली आणि गावात लाकूडचोर निपजले. शेताला सारा आहे, मिठाला कर आहे, गुरांच्या चराईला फी आहे. मरण तेवढे आमचे आम्ही उरकत होतो.

४. सबब सरकारने आमच्यासाठी काही करावे अशी विनंती नाही. काही करू नये, इतकीच आहे.

सारा बिनचूक भरणारा आपला नम्र ताबेदार,
भिमाजी, निशाणी नांगर.
दस्तुर सावळेराम, अर्ज लिहून देणार.
श्रावण शुद्ध पंचमी, सन १९०६.

ता. क. अर्ज टपालात पडण्यापूर्वीच आई गेली. कौल लावला, उजवे फूल पडले. शिपाई वाटेवरून हलला नाही. मग घरचा नांगर, पाळणा आणि दाराची चौकट मोडून सरण रचले. पावसात लाकूड ओले झाले, जळायला फार वेळ लागला. तरी अर्जातील आईचे नाव खोडून तेथे अर्जदाराचे घालावे. तारखेची जागा तूर्त मोकळी ठेवावी.

निशाणी नांगर.