पुलापाशी दोन मशीनगन

नाना, तुमची नदी पुन्हा बाजारात येते आहे. परवा आमच्या जुन्या ऑफिसातल्या साहेबांचा फोन आला होता. आता सत्तरीला टेकलेत, पण आवाज तसाच, फोन केला हेच उपकार असल्यासारखा. आपला तो महायुद्धाचा गेम कुणा परदेशी कंपनीने घेतलाय, आता लोक तो मोबाइलवर खेळणार, म्हणाले. "फक्त एक तक्रार आहे, मॅडम. ती इटलीतल्या नदीची लढाई लोकांना फारच सोपी वाटते. पुलाकडून गेलं की कोणीही जिंकतं. तिथे काय केलं होतं आपण?" आपण! मी म्हटलं, बघून सांगते. बघायचं काही नव्हतं. तिथे काय केलं होतं ते मला पंचवीस वर्षं पाठ आहे. तुम्हालाच तेवढं ते कधी सांगितलं नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

डोळ्यांसमोर लहानपणची रविवारची सकाळ आहे. खडकवासल्याच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर, दोघं आत असली की तिसऱ्याने दारात उभं राहावं एवढंच. तुम्ही पाट टाकून बसला आहात आणि पुढ्यात मोठी परात. आठवडाभर तुम्ही तिकडे लष्करी अधिकारी होऊ घातलेल्या मुलांसाठी वाळूचे डोंगर आणि वाळूच्या दऱ्या करता, ते तुमचं काम. पण रविवारी घरी रव्याचे का करता, ते मला कोणी सांगितलेलं नाही. रव्याच्या दोन टेकड्या. मधून आईच्या शिवणाच्या डब्यातला निळा दोरा, ती नदी. शेंगांची तीन टरफलं, त्या होड्या. चिंचोके म्हणजे आपली माणसं आणि काळे मिरे म्हणजे शत्रूच्या मशीनगन. नदीच्या वळणावर एक मिरा, मोडक्या पुलापाशी दोन. दर रविवारी तेच. वळणावर मशीनगन एकच, पण पाणी ओढीचं, पुलापाशी पाणी संथ, पण मशीनगन दोन. तुम्ही चिंचोके कधी इकडून न्यायचात, कधी तिकडून, तोंडाने मिनिटं मोजत, आणि दोन्हीकडे ते मरायचे. मग तुम्ही मान हलवायचात आणि उठायचात. तुम्ही उठलात की आई तोच रवा चाळून कढईत टाकायची. "झालं का तुमचं युद्ध? मला उपमा करायचाय," हे तिचं ठरलेलं वाक्य. आपण किती वेळा ती इटली खाल्ली असेल, नाना, हिशेब नाही.

मी नऊ वर्षांची असेन. एका रविवारी मला त्या चिंचोक्यांची दया आली. तुमचं लक्ष नाही असं बघून पुलापाशचा एक मिरा उचलला आणि तोंडात टाकला. वाटलं, आता तरी माणसं पलीकडे जातील आणि तुम्ही हसाल. तुम्ही परातीकडे बघितलंत, मग माझ्याकडे. "थुंक तो." मी थुंकला. तुम्ही डब्यातून दुसरा मिरा काढून बरोबर त्याच जागी ठेवलात आणि म्हणालात, "शत्रूचा माणूस आपल्या सोयीने उचलायचा नसतो." बस, एवढंच. मारलं नाहीत, ओरडला नाहीत. फक्त त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. जिभेची आग पाण्याने गेली, ते दोन दिवस मात्र अजून गेलेले नाहीत.

आता रागावलेच आहे तर सगळंच लिहिते. तुम्ही मला कधी चांगलं म्हणाला नाहीत. मॅट्रिकला गणितात त्र्याऐंशी पडले तेव्हा चष्म्यावरून बघत विचारलंत, "बाकीचे सतरा कुठे सांडले?" संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाले तेव्हा, "आता शिरगणतीला जाणार का?" मी कॉलेजात शिकवायला लागले, तुम्ही निवृत्त झालात, आपण कोथरूडला राहायला आलो, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर मी ती नोकरी सोडून गेम बनवणाऱ्या कंपनीत गेले, तेव्हा सगळ्या नातेवाइकांना वेड लागल्यासारखं झालं. तुम्ही मात्र पहिल्यांदा काहीतरी विचारलंत. काम काय असतं नक्की? मी उत्साहाने सांगायला बसले. एक लढाई दहा जणांना खेळायला द्यायची. दहापैकी नऊ हरले तर ती फार अवघड, नऊ जिंकले तर फार सोपी. मग आकडे बदलायचे. रणगाड्याच्या चिलखताची जाडी थोडी कमी, तोफेचा पल्ला थोडा जास्त, शत्रूची कुमक दोन मिनिटं उशिरा. पाच-सहा जण जिंकेपर्यंत. म्हणजे खेळणाऱ्याला लढाई बरोबरीची वाटते. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि विचारलंत, "आणि मेलेले?" मी म्हटलं, एक बटण असतं नाना, ते दाबलं की पुन्हा पहिल्यापासून. "सोय आहे," तुम्ही म्हणालात आणि पेपर उघडलात.

पण महिन्याभराने माझ्या चहाच्या कपाशेजारी तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वही ठेवलीत. "यात ती नदी आहे. करायचीच तर खरी कर." वाढदिवसाला कधी पेनसुद्धा न दिलेल्या माणसाने दिलेली ती एकच भेट. वही वाचली तेव्हा मला रविवारची परात कळली. तुम्ही तेवीस वर्षांचे होतात. सुभेदारांना गोळी लागलेली, उजाडायच्या आत नदी ओलांडायचा हुकूम, आणि कुठून ओलांडायची हे तुमच्यावर आलं. तुम्ही वळण निवडलंत. अकरा माणसं गेली. त्यातला एक तुमच्या शेजारच्या गावचा, तुमच्याबरोबर भरती झालेला. खाली तुमच्या नीट, उभ्या अक्षरात कारण लिहिलेलं: पुलापाशी मशीनगन दोन असाव्यात. नाना, तुम्ही पन्नास वर्षं त्या एका ओळीवर जगलात. परातीतसुद्धा तेच बघत होतात, दुसरा रस्ता खरंच नव्हता ना. दर रविवारी उत्तर यायचं, नव्हता, आणि मग तुम्हाला आठवडाभर जेवण जायचं.

मी वहीतला एकेक आकडा घेतला. पाण्याची ओढ, होडीत माणसं किती, पलीकडे जाऊन परत यायला मिनिटं किती. मनापासून केलं, खोटं नाही सांगत. गेम तयार झाला आणि दहा जणांना खेळायला दिला. वळणावर दहाच्या दहा हरले, पुलापाशी नऊ. साहेब माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, माणूस घरी बसून हरायला गेम विकत घेईल का? हरायला त्याला ऑफिस आहे की. एक रस्ता तरी उघडा ठेवा." मी म्हटलं, पण हे असंच घडलंय. "घडलं असेल हो. पण आता घडून गेलंय ना?" सगळे हसले. मीही हसले. बुधवार होता, दुपारची जेवणं झालेली. मी तक्त्यातल्या पुलासमोरच्या रकान्यात दोनाचा एक केला. संध्याकाळपर्यंत दहापैकी सहा जण पुलापाशी नदी पार करून गेले. सगळ्यांसाठी वडे मागवले. गेमचा डबा छापून आला तेव्हा त्याच्यावर मोठ्या अक्षरात होतं, अस्सल लष्करी कागदपत्रांवर आधारित. ते मी लिहिलं नव्हतं, पण खोडायलाही सांगितलं नव्हतं.

आणि मग तो गेम तुमच्यासाठी घरी आणला, कारण मला तुमच्याकडून ऐकायचं होतं. बुधवार पेठेतून सुटे भाग आणून जोडलेला आपला तो घरघरणारा कॉम्प्युटर. तुम्ही विटेसारखा माऊस धरून बसलेले, आई मागे शेंगा सोलते आहे. पहिल्यांदा तुम्ही वळणावरून गेलात. पाण्याने होड्या ओढल्या, पलीकडून गोळ्या सुटल्या, सगळे संपले. तुम्ही म्हणालात, "बरोबर." मला तेवढ्यानेच भरून आलं. मग ते बटण कुठंय विचारलंत. दाबलंत. या वेळी पुलाकडून. संथ पाणी, तीन होड्या, धुक्यातून पलीकडचा काठ उघडत गेला आणि तिथे मशीनगन एक. होड्या टेकल्या, माणसं उतरली, चढ चढून गेली. सगळीच्या सगळी. वर झेंडा लागला आणि वाजंत्री वाजायला लागली, ती भिकार वाजंत्री. तुम्ही माऊसवरून हात काढून मांडीवर ठेवलात.

"पुलापाशी एकच होती?"

मी वाजंत्रीचा आवाज बारीक केला.

"हे तिकडच्या कागदांत सापडलं का? त्यांच्या?"

डबा तुमच्या समोरच होता, त्याच्यावर लिहिलेलंच होतं. मी म्हटलं, "हो."

तुम्ही पुन्हा त्या झेंड्याकडे बघितलंत. मग म्हणालात, "छान केलंस. फार छान केलंस. मला नाही हे दिसलं तेव्हा." उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवलात. मी चाळीस वर्षांची बाई, कुंकवासारखी लाल झाले असेन. आई म्हणाली, "अहो, पाणी देऊ का?" तुम्ही नको म्हणालात आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झालात. दुसऱ्या दिवशी म्हणालात, ती वही जरा दे.

त्यानंतर तुम्ही रवा काढला नाहीत. निवृत्तीनंतरही एक रविवार चुकला नव्हता, तो चुकला, मग पुढचाही. आई आधी खूश होती. म्हणाली, सुटलं बाई एकदाचं. मग दसरा आला. दर दसऱ्याला तुम्ही स्वारगेटहून सकाळची एसटी पकडून त्या शेजारच्या गावी जायचात, तुमच्याबरोबर भरती झालेल्या त्या माणसाच्या बायकोला भेटायला. आपट्याची पानं द्यायची, जेवायचं, संध्याकाळी परत. म्हातारी तुम्हाला भाऊ म्हणायची. त्या दसऱ्याला मी पिशवी भरून दाराशी ठेवली आणि तुम्ही खुर्चीतून उठला नाहीत.

"जायचं नाही का, नाना? गाडी चुकेल."

"कुठल्या तोंडाने जाऊ?" तुम्ही म्हणालात. "इतकी वर्षं तिला सांगत आलो, वहिनी, दुसरा रस्ता नव्हता. होता की. मीच वळणावर नेलं त्यांना."

"अहो नाना, खेळ आहे तो!"

"हो. पण आकडे खरे आहेत ना?"

तेव्हा सांगायला हवं होतं. तुम्ही सरळ विचारलं होतंत, आई पूजेत होती, घरात दुसरं कोणी नव्हतं, मला कुठलीही घाई नव्हती. चार शब्दांचं काम होतं. मी पिशवी उचलून आत नेऊन ठेवली. तुमचा रागही येत होता, खरं सांगते. आयुष्यभर माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवला नाहीत, सतरा मार्क सांडले म्हणालात, आणि ठेवलात तो नेमका या एका आकड्यावर! पुण्यातल्या पोरांनी वडे खात तपासलेल्या आकड्यावर तुम्ही स्वतःला गुन्हेगार ठरवलंत. तुमच्यासारख्या संशयी माणसाने मला आणखी एक प्रश्न तरी विचारायचा होतात. उलटतपासणी करायची होतीत. मी कोसळले असते हो.

फाल्गुनात तुम्ही गेलात. दिवस झाल्यावर तुमचं कपाट आवरताना वही सापडली. "दोन असाव्यात" यावर एक सरळ रेघ होती, आणि शेजारी थरथरत्या अक्षरात "एकच होती". तुम्ही चूक दुरुस्त केली होतीत. तुमची पद्धतच ती, चुकीचं काही वहीत राहू द्यायचं नाही. मी ती वही घेऊन आईकडे गेले आणि सगळं सांगितलं, मिऱ्यापासून. म्हटलं, इतक्या गडबडीत होते गं, आकडा बदलल्याचं विसरूनच गेले होते. आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "विसरलीस होय? मग बरं." पुढे ती बारा वर्षं जगली. पुन्हा तो विषय निघाला नाही, आणि आपल्या घरात त्यानंतर उपमाही झाला नाही.

काल साहेबांना फोन करून सांगितलं, पुलापाशी मुळात मशीनगन दोन होत्या, तशा करा. ते म्हणाले, "एवढंच? मग काय, मिनिटाचं काम." हो, मिनिटाचंच. आता जगभरातली माणसं पुलापाशीही हरतील, कुरकुर करतील आणि तुम्ही म्हणत होतात ते त्यांना कळेल. पुलापाशी खरंच दोन होत्या की नाही, ते मला माहीत नाही, नाना, तिकडचे कागद आम्ही कोणी कधी पाहिलेच नाहीत. मला माहीत आहे ते एवढंच की ती दुसरी मी उचलली. हे पत्र तुमच्या वहीत, त्या रेघ मारलेल्या पानात घालून ठेवते आहे, त्याला दुसरी जागा नाही. आईला जे सांगितलं आणि इतकी वर्षं स्वतःलाही सांगत आले, ते तेवढं इथे दुरुस्त करते. तुम्ही "एकच होती?" विचारलंत तेव्हा मी काहीच विसरले नव्हते. तो बुधवार, तो रकाना, तोंडातला तो मिरासुद्धा आठवला होता. पण तुमच्या चेहऱ्यावरून वाटलं, आता तुम्ही मला चांगलं म्हणणार. म्हणून थांबले.