जुंबेरचं नाव कितव्या प्याल्याला

गुरजानी, ९ ऑक्टोबर २०१५

प्रिय लमारा,
ओतारदादाचा आशीर्वाद. इकडं सगळे बरे आहेत. द्राक्षं उतरवून झाली, माझा गुडघा मात्र कुरकुरतोय.

तुझं पत्र मिळालं. खरं सांगू? वाचून डोकं फिरलं. तुझ्या तेक्लाच्या लग्नात कोणता प्याला कितवा, कुणावर काय बोलणार, सगळं आधी लिहून पाठव म्हणतेस! अगं, तीस वर्षं मी लग्नांच्या मेजांवर तमादा म्हणून बोलतोय, एकेक प्याला कुणाच्या तरी नावानं उचलायला लावतोय. कुणाची हिंमत झाली नाही भाषणाचा आराखडा मागायची. व्याह्यांनी कान भरले का? की म्हातारा पिऊन बरळेल, ही धास्ती?

बरं, घे. पहिला देवाचा आणि शांततेचा. दुसरा नवरानवरीचा, तिसरा आईबापांचा. चौथा गेलेल्यांचा, सगळे उभे राहतील, पावावर वाइनचे थेंब सोडतील. लगेच पाचवा लेकराबाळांचा, कारण मेलेल्यांपाशी मेज थांबवायचं नसतं. सहावा घरापासून लांब असलेल्यांचा. जुंबेर तिथं, दरवेळेसारखा.

इथवर लिहिलं आणि तुझी शेवटची ओळ परत वाचली. ‘दादा, तेक्लाच्या बापाचं नाव यंदा नीट विचार करून ठेव.’ म्हणजे काय गं? तुझा नवरा लढाईवरून परतला नाही त्याला बावीस वर्षं झाली. दरवेळी मी त्याला लांब गेलेल्यांत धरतो, तू बसून पितेस, कधी हूं की चूं केलं नाहीस. मग आताच का? बेसो भेटला ना तुला? आमच्या तुकडीतला, तोच, फाटक्या तोंडाचा! काय म्हणाला?

जाऊ दे. त्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

गर्दीत आमची चुकामूक झाली, असं मी सांगितलं होतं. खोटं होतं ते. जुंबेर माझ्या मांडीवर गेला, नदीच्या अलीकडं. मागून गोळ्या येत होत्या. त्याला तिथंच टाकून मी पळालो. घरी आलो तर तू दारात पोटुशी उभी. जीभच रेटेना माझी. पुढं तू आलेली स्थळं परतवत राहिलीस आणि मी मेजामेजावर त्याला प्रवासाला धाडत राहिलो. लाज वाटते गं.

दुसरा तमादा बघायचा तर बघ, मी रागावणार नाही. मलाच ठेवलंस, तर जुंबेरचं नाव चौथ्या प्याल्याला घेईन, सगळ्यांच्या आधी. तेव्हा तेक्लाचा हात धरून उभी राहा. राहशील ना?

ज्यानं तुला धड विधवाही होऊ दिलं नाही, तो तुझा भाऊ,
ओतार