अकरा यंत्रं आणि बारावा फोटो

१८ डिसेंबर. उणे अठ्ठावीस.
निश्चय : लारिसा आमच्या जुन्या पंचांगाच्या नाताळाला, सहा जानेवारीला, सास्काटून शहरातून गावी येईल तेव्हा माझे बारा फोटो तयार असतील. विषय, बर्फात टाकून दिलेली शेतीची यंत्रं. सणाच्या जेवणात बारा पदार्थ, माझे बारा फोटो. मी कॉलेज सोडलं तेव्हा ती म्हणाली होती, ओरेस्ट, तू एक गोष्ट धड शेवटाला नेत नाहीस. बारावा फोटो तिच्यासमोर ठेवायचा आणि लग्नाचं विचारायचं. नाही म्हणायला जागाच उरणार नाही.

२० डिसेंबर.
पहाटे निघणार होतो. साडेअकराला उठलो. आईनं हाक नीट मारली नाही. त्यात काल रात्री इंजिन गारठू नये म्हणून त्याचा हीटर प्लगला लावायचा राहिला. ट्रक हूं की चूं करेना. लाथ घातली. ट्रक ठीक आहे. अंगठा सुजलाय.

२३ डिसेंबर.
एका दिवसात चार! घरात आल्याबरोबर लेन्सवर धुकं. पुसायला गेलो तर ओरखडा. ओरखड्यानं चित्राला खोली येते. आई म्हणाली, त्यापेक्षा दारातला बर्फ उपस, खोली तिथंही आहे. उद्यापासून आईशी अबोला.

२४ डिसेंबर.
अबोला जेवणापर्यंत टिकला.

२९ डिसेंबर.
अकरा झाले. कॉफीच्या अड्ड्यावर म्हाताऱ्यांना दाखवले. लारिसाचे वडील, स्टेफानकाका, तिथंच होते. म्हणाले, पोरा, हे टाकून दिलंय असं तुला सांगितलं कोणी? झाडांच्या रांगेमागे ठेवलंय, सुटे भाग लागतात म्हणून. मी तापलो. म्हणालो, कला बघायला डोळे लागतात. ते म्हणाले, डोळे आहेत की, या यंत्राचा हा पट्टा मी दोन हिवाळे शोधतोय, कुणाच्या शेतात आहे ते सांग. आणि फोटो खिशात घातला.
होणाऱ्या सासऱ्याच्या खिशात माझं चित्र! सुरुवात उत्तम.

२ जानेवारी. सकाळ.
लारिसाचा मेसेज : सहा तारखेला येतेय, तुला कुणालातरी भेटवायचंय. कुत्रा घेतला असणार. पहिल्यापासून वेडी आहे कुत्र्यांसाठी.
बारावा फोटो ठरला. काकांचा मेलेला ट्रॅक्टर, झाडांमागे कमरेइतक्या बर्फात. नाव ‘विरह’. आज वारा आहे. उद्या नक्की.

५ जानेवारी.
आज ढग. उद्या नक्की.

६ जानेवारी. साडेतीन.
पेन गोठलं, पेन्सिलीनं लिहितोय. उजेड असा की वेड लागावं. त्याच्याकडे बघत चालवत होतो, रस्त्याकडेला बर्फाखाली चर असेल हे कुणाच्या ध्यानात येणार? ट्रक आडवा. कॅमेऱ्याची बॅटरी गारठून संपली. काकांना फोन केला. म्हणाले, गाडीतच बस, हिरो.

पावणेचार.
झाडांमागे धूर. खडखडाट.
‘विरह’ चालू झालाय. माझ्याच दिशेनं येतोय.

६ जानेवारी. साडेसात.
काकांनी ट्रक ओढून काढला. म्हणाले, हा ट्रॅक्टर पहिल्या झटक्यात उठतो, तुझ्यासारखा साडेअकराला नाही. (आईनं सांगितलं!) तोवर पहिला तारा दिसला, तो दिसला की सणाचं जेवण सुरू होतं, म्हणून मलाही जेवायला बसवलं. या सणाला टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात, वाट चुकून आलेल्यासाठी. मला तेच मिळालं.
लारिसाच्या शेजारी कुत्रा नव्हता. ब्रेंट होता. दातांचा डॉक्टर. तिच्या बोटात अंगठी. काकूंनी विचारलं, ओरेस्ट, जेवत का नाहीस? म्हणालो, दात दुखतोय. ब्रेंटनं लगेच आ करायला लावलं. सगळ्यांसमोर. म्हणाला, काही नाही, दात उत्तम आहेत.

७ जानेवारी.
लारिसानं फोटो पाहिले. बोटानं मोजले. अकरा. काही बोलली असती तर भांडलो तरी असतो.
मग म्हणाली, आमचा दोघांचा काढ ना एक, बाबांच्या ट्रॅक्टरवर. बॅटरी चार्ज झाली होती. उजेड होता. वारा पडला होता. एकही कारण सापडेना.
काढला. फोकस अचूक.
बारा झाले.