जेवायचा हात

माय, तुझा काळा दोरा परवा मी कागदावर काढला. काढायचा नव्हता, आपोआप आला. मी सध्या लातूरला लेकाकडे आहे. नातीला शाळेतून काम दिलंय: उजव्या हाताने डावा हात काढायचा आणि डाव्याने उजवा. ती पक्की डावरी, माझ्यावरच गेलीय. सून काळजीत. "आई, ही डाव्यानंच जेवून राहिली. तुमच्यासारखा दोरा बांधू का हिला?" दोऱ्याची गोष्ट मीच तिला हसत हसत सांगितली होती, तेव्हा उत्तरही मलाच द्यायचं होतं. मी म्हटलं, आधी चित्र होऊ दे.

तुला आठवतं ना? लोह्याच्या शाळेत गुरुजी म्हणाले, "उजवा म्हंजे जेवायचा हात. करा वर." सगळ्या वर्गाने केला, मीही केला. माझा जेवायचा हात डावा होता, मी काय खोटं केलं? वर्ग खो खो हसला. रडत घरी आले तेव्हा तू चुलीपुढे भाकरी थापत होतीस. पिठाच्या हातांनी तशीच उठलीस, नांदेडच्या बाजारातून आणलेल्या गुंडीतला काळा दोरा तोडलास आणि माझ्या उजव्या मनगटाला बांधलास. "आजपास्नं ह्यो तुझा जेवायचा हात. उद्या सासरी कुणी नावं ठेवली तर मला लई लागंल, बाई." तू लोकांना भीत होतीस, हे आता कळतं. तेव्हा मला तुझा रागच यायचा. डावा हात पुढे गेला की तू डोळे वटारायचीस, आणि मी दोरा बघून घास बदलायचे. लिहायलाही उजव्यानेच शिकले.

तर नातीशेजारी फरशीवर बसले, मीही माझे हात काढायला. उजव्याने काढलेला डावा हात नीटनेटका आला, पण पाहुण्यांसमोर बसवल्यासारखा अवघडलेला. मग पेन्सिल डाव्या हातात घेतली. इतक्या वर्षांत त्याच्याकडून मी नुसती भांडी धरवून घेतली. रेघा थरथरल्या, अंगठ्याचं वांगं झालं, तरी वाकडी पेरं आली, तव्याचा जुना डाग आला, आणि मनगटाशी येऊन त्याने दोन रेघा आणि एक गाठ काढली. नात म्हणाली, "आजी, दोरा कुठंय तुझ्या हाताला?" मी मनगट पाहिलं. रिकामं. मला तुझी इतकी आठवण आली, की पेन्सिल खाली ठेवावी लागली.

सुनेला म्हटलं, "काही बांधू नको. जेवू दे तिला तिच्या हातानं. पण रोज घडीभर तिचा हात हातात घेऊन बसत जा." तिला त्याचं कारण कळलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

तुला वाचता येत नव्हतं. घरी आलेली पत्रं मीच तुला वाचून दाखवायचे. हे पाठवलं तरी वाचायला मलाच तिकडे यावं लागेल, आणि मला तितकी काही घाई नाही. राहू दे इथंच. एकच सांगते. दोरा सारखा तुटायचा म्हणून तू बाजाराला बोल लावायचीस, "कसला कच्चा माल देऊन राहिलेत लोकं!" आणि हातातलं काम टाकून, मला मांडीशी ओढून नवा बांधायचीस. दोरा चांगला होता, माय. मीच तो दातानं तोडायचे. तेवढा वेळ तुझे दोन्ही हात माझे असायचे.